तो घर टाकून चाललाय का?

पत्र

ताई, आम्ही दोघे भाऊ. मी 38 वर्षांचा, धाकटा 24 चा. वडील थकलेत, आईचे गुडघे दुखतात. शेती मीच बघतो. फार काही नाही, पण कुणापुढे हात पसरावा लागत नाही. गेल्या महिन्यात धाकट्याने जेवता जेवता सांगितलं की तो देशाच्या पार दुसऱ्या टोकाला कामाला जाणार आहे. तिथली भाषा वेगळी, हवा वेगळी, ओळखीचा फक्त एक मित्र. वडिलांनी विचारलं, "घरात काय कमी आहे?" तो खाली मान घालून जेवत राहिला. परवा त्याची वही हाती लागली. मागच्या पानांवर त्याने तिकडच्या भाषेतले शब्द आपल्या अक्षरांत लिहून ठेवलेत : खोली, भाडं, पगार कधी, पाणी किती वाजता येतं, मला बरं नाही. पोटात तुटलं. म्हणजे याचं कधीचं ठरलंय. ताई, माणसं आपला मुलूख सोडून का जातात? हा लोभ आहे का? घर टाकून चाललाय का हा? मी त्याला अडवू का? मला तर या सगळ्यात कुणी विचारलंच नाही.
— एक थोरला भाऊ

उत्तर

दादा,

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या वहीपाशी थांबले. त्या पानांत तुम्हाला त्याची पाठ दिसली. मला त्याची भीती दिसली, आणि त्या भीतीवर त्याने शोधलेला इलाजही. जो मुलगा परक्या भाषेत "मला बरं नाही" हे वाक्य आधीच शिकून ठेवतो, त्याला तिथे आपलं कुणी नसणार हे पक्कं ठाऊक आहे. घर टाकून जाणारा माणूस अशी तयारी करत बसत नाही, तो नुसता निघून जातो. हा बिचारा रात्री सगळे झोपल्यावर "भाडं" हा शब्द पाठ करतोय.

आता तुमचा प्रश्न, माणसं आपला मुलूख सोडून का जातात. हा तुमच्याच घरावर आलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने 2009 च्या मानव विकास अहवालात जगभरातल्या अशा माणसांचा अंदाज मांडला होता. आपल्याच देशात एका भागातून दुसऱ्या भागात गेलेले लोक सुमारे 74 कोटी निघाले. देशाची सीमा ओलांडून गेलेल्यांच्या जवळजवळ चौपट. चर्चा मात्र परदेशी गेलेल्यांचीच होते.

या प्रश्नाच्या मागे लागलेला एक जुना माणूस होता, अर्न्स्ट जॉर्ज रॅव्हेनस्टाइन. जन्माने जर्मन, कामाने लंडनकर, पेशाने नकाशे करणारा. ब्रिटनच्या जनगणनेत माणूस जन्मला कुठे आणि आज राहतो कुठे, हे दोन्ही नोंदलेलं होतं. त्याने ते आकडे समोर घेतले आणि 1885 मध्ये स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक माणसं जवळच जातात. लांब जाणारे सहसा व्यापार-उद्योगाच्या मोठ्या केंद्राकडे जातात. जवळच्या अंतरात पुरुषांपेक्षा बायकाच जास्त हलतात. आणि जाणाऱ्यांचा प्रवाह जिथे असतो तिथे परत येणाऱ्यांचाही एक प्रवाह असतोच. हा शेवटचा नियम वडिलांना जरूर सांगा. 1889 मध्ये त्याने आणखी एक निबंध लिहिला. जाचक कायदे, जड कर, वाईट हवामान या सगळ्यांनी माणसं बाहेर पडतात हे त्याने मान्य केलं, पण सर्वांत मोठा लोंढा निघतो तो आपलं जरा बरं व्हावं या इच्छेतून, असं त्याचं म्हणणं होतं. तुम्ही त्यालाच लोभ म्हणालात. मला तो शब्द पटत नाही. तुमच्या वडिलांनी जमीन राखली ती याच इच्छेने ना?

"घरात काय कमी आहे?" या प्रश्नात एक समजूत दडलेली आहे, ज्याच्या घरात चूल पेटत नाही तोच बाहेर पडतो अशी. प्रत्यक्षात पुष्कळदा उलटं घडतं. जायला पैसे लागतात. तिकीट, पहिल्या महिन्याचं भाडं, काम मिळेपर्यंतचं खाणं. ज्याच्याकडे काहीच नाही तो हे कुठून आणणार? आणि गेलाच, आणि काम मिळालं नाही, तर मागे राहिलेल्यांचं काय? 2008 मध्ये बांगलादेशच्या रंगपूर भागात अर्थतज्ज्ञांनी एक प्रयोग केला. तिथे तेव्हा पीक हाती येण्याआधीचे काही आठवडे उपासमारीचे असायचे. गरीब कुटुंबांना सांगितलं, घरातला एक माणूस या दिवसांपुरता दुसरीकडे कामाला जाणार असेल तर बसच्या भाड्याइतके पैसे आम्ही देतो. एवढ्याशा रकमेवर पुष्कळ कुटुंबांनी माणूस पाठवला. ज्यांनी पाठवला त्यांच्या घरचा खाण्यापिण्याचा खर्च सुमारे 30 टक्क्यांनी वाढला, आणि पुढच्या वर्षी पैसे न मिळताही त्यांतले बरेच जण पुन्हा गेले. पुढे हीच योजना मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा तसा परिणाम दिसला नाही, तेव्हा हा काही रामबाण उपाय नव्हे. पण एवढं कळतं की गरिबी जशी माणसाला ढकलते तशी ती त्याला जागच्या जागी बांधूनही ठेवते. तुमच्या घरात उपास नाही, म्हणूनच तुमचा भाऊ जाण्याचा विचार करू शकतो. त्याला तिकीट काढता येईल एवढी ऐपत तुमच्या कष्टाने आली आहे.

तो चोवीसचा आहे हेही लक्षात घ्या. जवळजवळ प्रत्येक देशात घर सोडणाऱ्यांत विशी-पंचविशीतल्यांचीच गर्दी असते, आणि ती काही निव्वळ तरुण रक्ताची खुमखुमी नसते. लॅरी स्यास्टाड या अर्थतज्ज्ञाने 1962 मध्ये स्थलांतराकडे एक गुंतवणूक म्हणून पाहिलं. खर्च आज होतो. पैशाचा होतोच, शिवाय माणसं तुटतात, सवयी तुटतात, तोही खर्चच. फायदा मिळतो पुढची कितीतरी वर्षं. चोवीसाव्या वर्षी ती वर्षं भरपूर शिल्लक असतात, पन्नाशीत नसतात. तो आत्ता गेला नाही तर पुढे जाणं त्याला आणखी अवघड होत जाईल, हे त्याला कुणी न सांगता कळलेलं असणार.

आता जी गोष्ट मला सगळ्यांत जास्त सांगायची आहे ती सांगते. तुम्ही लिहिलंत, तो जातोय. पण असं जाणं एकट्याचं असतंच असं नाही. ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम या दोघा अर्थतज्ज्ञांनी 1985 मध्ये म्हटलं की स्थलांतराचा निर्णय समजून घ्यायचा तर एकट्या माणसाकडे न बघता त्याच्या कुटुंबाकडे बघा. शेतीवर जगणाऱ्या घराची अडचण तुम्हाला मी काय सांगणार? पाऊस दगा देतो तेव्हा तो एकट्या तुम्हाला देत नाही, सगळ्या शिवाराला देतो. उसने मागायला शेजाऱ्याकडे जावं तर त्याचंही शेत तसंच वाळलेलं. विमा नाही, सावकाराच्या दारात जायचं नाही. अशा वेळी घरातला एक माणूस जिथे वेगळा पाऊस, वेगळा बाजार, वेगळा पगार आहे अशा ठिकाणी असणं हाच घराचा विमा. इथलं बुडालं तर तिथलं तारतं. आणि तिथलं काम सुटलं तर माणूस इथे परत येऊन जेवू शकतो, कारण इथे कुणीतरी शेत धरून बसलेलं असतं. विमा दोन्ही बाजूंनी आहे, दादा. त्यातली एक बाजू तुम्ही आहात. हे घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, आणि मला वाटतं, तुमच्या पत्रातलं खरं दुखणं तेच आहे.

लग्नाचीही तीच गोष्ट. मार्क रोझेन्झवाइग आणि स्टार्क यांनी 1989 मध्ये दक्षिण भारतातल्या खेड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुली लांबच्या गावी दिल्या की दोन्ही घरांवर एकाच वेळी दुष्काळ पडण्याची शक्यता कमी होते, आणि ज्यांचं उत्पन्न जास्त बेभरवशाचं ते अशी सोयरीक जास्त करतात, असं त्यांना आढळलं. भारताच्या 2011 च्या जनगणनेत जन्मगाव किंवा आधीचं राहतं ठिकाण सोडलेले सुमारे 45 कोटी लोक मोजले गेले आणि त्यांत सर्वांत मोठं कारण लग्न होतं. म्हणजे आकड्यांत पाहिलं तर सगळ्यांत जास्त स्थलांतर बायकांनी केलेलं आहे. पण मुलगी निघाली की आपण म्हणतो पाठवणी, आणि मुलगा निघाला की म्हणतो घर टाकून गेला.

मी स्वतः लग्नानंतर दुसऱ्या भाषेच्या मुलखात गेले. पहिले काही महिने भिंतीपलीकडून शेजारच्या घरातलं हसणं ऐकू यायचं. हसताहेत एवढं कळायचं, कशावर ते कळायचं नाही. एक दिवस ते कळलं आणि मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून हसले. तुमच्या भावाला या सगळ्यातून पहिल्यापासून जावं लागणार आहे. म्हणून ती वही मला एवढी लागली.

तो त्याच ठिकाणी का चाललाय, जवळ का नाही, हेही तुम्हाला खुपलंय. उत्तर तुम्हीच दिलंय : तिथे एक मित्र आहे. नकाशावरचं अंतर आणि मनातलं अंतर वेगळं असतं. अमेरिकेत 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीय माणसांनी दक्षिणेकडची राज्यं सोडली. मागे वंशभेदाचे कायदे होते, जमावाकडून होणाऱ्या हत्या होत्या, कापसाची बोंडं पोखरणाऱ्या भुंग्याने नासवलेली शेतं होती. पुढे उत्तरेतले कारखाने होते. पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून येणारे कामगार थांबले होते आणि तिथे माणसं हवी होती. पण कोण कुठे गेलं ते बघा. मिसिसिपीची माणसं मोठ्या संख्येने शिकागोला गेली, कारण इलिनॉय सेंट्रलची रेल्वे तिकडेच जायची. जॉर्जिया आणि कॅरोलायनाची माणसं किनाऱ्याकिनाऱ्याने फिलाडेल्फिया-न्यूयॉर्ककडे गेली. आधी एक जण, मग त्याचं पत्र, मग त्याचा भाऊ, मग अर्धी गल्ली. पहिला माणूस जातो तेव्हा वाट नसते. दुसरा जातो तेव्हा निदान झोपायला जागा असते, काम कोण देतं आणि पैसे कोण बुडवतं हे सांगणारं कुणीतरी असतं. आणि रॅव्हेनस्टाइनचा उलटा प्रवाहही इथे दिसला. 1970 नंतर त्याच दक्षिणेकडे परतणाऱ्यांची संख्या वाढत गेली, त्यांत गेलेल्यांची मुलंनातवंडंही होती.

सगळेच असे आपल्या मनाने जात नाहीत, हेही लिहायला हवं. धरणाखाली गाव गेलं, दंगल पेटली, दुष्काळ हटेना, तर माणूस निवड करत नाही, तो सुटका करून घेतो. 1930 च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी राज्यांत धुळीची वादळं आणि मंदी एकदमच आली. सुमारे 25 लाख माणसं त्या राज्यांतून बाहेर पडली. पण त्या मुलखातली बहुसंख्य माणसं राहिली. धूळ खात, कर्ज काढत, शेत धरून राहिली. छायाचित्रं निघाली ती बहुतेक जाणाऱ्यांची.

तर, अडवू का? नका अडवू. अडवलंत तर तो कदाचित थांबेल, आणि मग रोज संध्याकाळी घरात एक न गेलेला माणूस बसलेला असेल. पण डोळे झाकून "जा" असंही म्हणू नका. थोरले म्हणून तुमचं काम आता सुरू होतंय.

पहिलं, पगाराचा आकडा ऐकून दोघांनीही हुरळू नका आणि घाबरूही नका. मायकल तोदारो या अर्थतज्ज्ञाने 1969 मध्ये मांडलं की माणूस तिथल्या पगाराला काम मिळण्याच्या शक्यतेने गुणून बघतो. तिथला पगार इथल्या दुप्पट असेल पण काम मिळण्याची शक्यता निम्मीच असेल, तर हिशेब जिथल्या तिथे येतो. त्यातून तिथलं भाडं, खाणं, येणंजाणं वजा करायचं. हा हिशेब त्या मित्राला फोन लावून, धाकट्याला शेजारी बसवून करा. मित्राला "कसं चाललंय" असं विचारू नका, "छान" एवढंच उत्तर येईल. त्याला विचारा, गेल्या महिन्यात किती दिवस काम मिळालं, पैसे ठरलेल्या दिवशी मिळाले का, खोलीत किती जण झोपता, आजारी पडलास तेव्हा काय केलंस. ही उत्तरं खरी असतात, कारण ती घडलेली असतात.

दुसरं, आणि यात कसूर करू नका. त्याने कुणा ठेकेदाराकडून उचल घेतली आहे का, हे सरळ विचारा. घेतली असेल तर ती आधी फेडा, घरातलं काही विकावं लागलं तरी. आगाऊ पैसे घेऊन गेलेला माणूस काम वाईट निघालं तरी सोडू शकत नाही, आणि परत येण्याची मोकळीक हीच या सगळ्या हिशेबातली सर्वांत मोलाची गोष्ट आहे.

कागदपत्रांचंही बघा. जगात अनेक ठिकाणी सवलती, उपचार, मतदान, मुलांची शाळा हे सगळं माणसाच्या नोंदलेल्या पत्त्याला चिकटलेलं असतं. चीनमध्ये 1958 पासूनची हुकोऊ नावाची कुटुंबनोंदणी आहे. 2020 च्या तिथल्या जनगणनेत सुमारे 37.6 कोटी लोक आपल्या नोंदणीच्या ठिकाणापासून दूर राहत होते, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना राहत्या शहरातल्या सोयी पूर्ण मिळत नाहीत म्हणून मुलं गावी आजीआजोबांकडे ठेवावी लागतात. तुमचा भाऊ एकटा आहे, हा प्रश्न आज नाही. तरी मूळ कागद घरी, नकला त्याच्याकडे, आणि कोणता हक्क पत्ता बदलल्यावर चालू राहतो, कोणता तुटतो, हे निघण्याआधी विचारून घ्या.

आता तुमच्याबद्दल. "मला कुणी विचारलंच नाही" हे वाक्य तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी टाकलंत, जाता जाता म्हटल्यासारखं. मला वाटतं, पत्र तिथूनच सुरू व्हायला हवं होतं. तुम्ही चोवीसचे होतात तेव्हा तो दहाचा होता. तेव्हा तुमच्याही मनात एखादी वही असेल. कुणी तुम्हाला अडवलं नसेल कदाचित, नुसतं गृहीत धरलं असेल की हा राहणार. आता तो गेला की आईचे गुडघे, वडिलांचं औषधपाणी, रात्रीचं शेतातलं पाणी, सगळं एकट्या तुमच्यावर येणार आहे. जाणारा पैसे पाठवतो ते सगळ्या भावकीला दिसतं. राहणारा वेळ देतो, तो कुणी मोजत नाही. हा अन्याय खरा आहे आणि तो बोलण्याने तुम्ही स्वार्थी ठरत नाही. मनात ठेवलात तर मात्र तो पुढे बांधावरून, वाटणीवरून, भलत्याच वेळी बाहेर येईल.

म्हणून तो निघण्याआधी एक संध्याकाळ चौघे बसा. पैसे पाठवायचे की नाही, किती, आणि कोणत्या महिन्यापासून, हे ठरवा. पहिले काही महिने काहीही मागू नका, ते त्याचे पाय रोवण्याचे दिवस. त्याने पाठवलेल्या पैशातून तुम्हाला मदतीला एखादा गडी ठेवता येईल का ते बोला. हे पैसे भावाचे उपकार नव्हेत, तुमच्या राहण्यातला त्याचा वाटा आहे, आणि हे त्याच्या तोंडून वदवून घ्या. वर्षातून एकदा, कामाच्या ऐन गर्दीत, तो कधी येणार तेही ठरवा. आणि वडिलांच्या समोर त्याला सांगा की नाही जमलं तर परत ये, कुणी काही विचारणार नाही. हे वाक्य वडिलांनीच म्हणावं असा माझा आग्रह आहे. त्यांना जमत नसेल तर तुम्ही म्हणा. पुष्कळ मुलं वाईट जागी वर्षानुवर्षं कुढत राहतात ती केवळ परत गेलो तर लोक काय म्हणतील या भीतीने.

आणि बैठकीला सुरुवात आईपासून करा. त्या घरात तिने पाऊल ठेवलं तेव्हा ती काय वयाची होती, पहिला महिना कसा गेला, रडायला ती कुठे जायची, कोणता शब्द कळायचा नाही, पहिल्यांदा हे आपलं घर वाटलं तो दिवस कोणता, हे सगळं विचारा. घाई करू नका, तिला आठवायला वेळ लागेल. धाकट्याला समोर बसवा. त्याची ती वही जवळ असू द्या.